ओव्याच्या वासाचा मासा

फार पूर्वी रम्यक नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंतातल्या एका निनावी नदीत माशाच्या योनीत जन्मले होते. त्या जातीच्या माशांच्या पाठीवर शिडासारखा उंच पर असे आणि उन्हात त्यावर जांभळे ठिपके चमकत. पाण्याबाहेर काढले की त्यांच्या अंगाला ओव्याचा मंद वास येई. तिथले लोक त्यांना शिडाळ म्हणत.

भद्रसेनाच्या दरबारात सोमिल नावाचा अमात्य होता. राज्यकारभारात तो कुशल होता, म्हणजे काम वेळेवर करी आणि श्रेय राजाला देई. त्याला व्यसन एकच, गळ टाकून मासे धरण्याचे. तेही नगराजवळच्या पाण्यात नव्हे. जिथे दुसऱ्याचे पाऊल उमटले ती नदी त्याला उष्टी वाटे, म्हणून दर वर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा लांब जाई. परत आला की दरबारात मासा किती मोठा होता ते हातांनी दाखवी. वर्षे जात तसतसे ते दोन हात एकमेकांपासून आणखी दूर सरकत. गळ टाकणाऱ्यांचा हा जुना रोग आहे. वैद्यांनी त्यावर अद्याप काढा शोधलेला नाही.

एका वर्षी हिंडत हिंडत तो त्या निनावी नदीवर पोचला. शिडाळ त्याने डोळ्यांनी पाहिला, हुंगलाही. पण तो धीवरांच्या टोपलीत होता, त्याच्या स्वतःच्या गळाला काही लागले नाही. परतल्यावर त्याने जे पाहिले तेवढेच सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच मासा सांगताना त्याचे हात मांडीवर स्थिर होते. दरबारात कोणाचाही विश्वास बसला नाही.

राजा म्हणाला, "सोमिला, तुझे आजवरचे मासे तुझ्या हातांत मावत नव्हते. हा आमच्या डोक्यात मावत नाही."

दरबार हसला. राजा हसला की हसणे हे त्या दरबाराचे मुख्य कामकाज होते. मग राजाने पैज सांगितली. सोमिलाने तो मासा आणून दाखवावा. आणला, तर त्याच्या आजवरच्या सगळ्या गोष्टी खऱ्या, अशी दवंडी पिटवली जाईल. न आणला, तर मंत्र्यांच्या आसनावरून उठून त्याने कायमचे भाटांच्या ओळीत बसावे. तिथे खोटे बोलण्याचे वेतन मिळते. शेवटी राजा असेही म्हणाला की ओवा न घालता ओव्याचा वास येत असेल, तर तो मासा आमच्या पाकशाळेला रोजच लागेल.

त्या वाक्याकडे सोमिलाने लक्ष दिले नाही. त्याचे लक्ष आपल्या आसनाकडे होते.

तो निघाला. सपाट प्रदेश मागे पडला, मग सालवृक्ष, मग देवदार. वाट कधी ढगातून जाई, आणि ढगातून बाहेर पडल्यावर कालचे गाव खरे होते की झोपेत पाहिलेले, हे त्याला सांगता येईना. शेवटी ती नदी दिसली. पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे हवेतच ठेवले आहेत असे वाटे. मासे नव्हे, त्यांच्या सावल्याच तेवढ्या वाळूवरून सरकत.

काठावर खेमी नावाची म्हातारी धीवरीण राहत असे. ती त्याला मागच्या खेपेपासून ओळखत होती.

"आलास का रे पाहुण्या?" ती म्हणाली. "तुमच्या गावात पाणी नाही वाटतं."

तिने त्याला त्या खोऱ्याची एक रीत पुन्हा सांगितली. माशाला हात लावायचा तर आधी हात नदीत बुडवून धरायचा, पाण्याइतका गार होईपर्यंत. ऊन हाताने मासा भाजतो. सोमिलाला ही रानटी समजूत वाटली. त्याने मान डोलावली, जशी तो दरबारात पुरोहितासाठी डोलावत असे.

त्या नदीवर एका जातीचे किड्याएवढे पाखरू सकाळी पाण्यातून उठे, दुपारभर उडे आणि संध्याकाळी मरून पाण्यावर पडे. मासे त्यावर जगत. सोमिलाने रानकोंबड्याचे पीस आणि आपल्या दाढीचा केस गळाला गुंडाळून हुबेहूब तसे पाखरू बांधले होते. पहिल्याच दिवशी एक लहान शिडाळ लागला. दरबारात दाखवण्याजोगा नव्हता, म्हणून सोमिलाने त्याला मुठीत धरून गळ सोडवला आणि परत पाण्यात टाकले. आपण फार दयाळू आहोत असे वाटून त्याला त्या दिवशी जेवण गोड लागले.

दुसऱ्या दिवशी खेमीने त्याला हाक मारली. उथळ पाण्यात तो मासा उताणा तरंगत होता. कुशीवर पांढरी पडलेली बोटे उमटली होती.

"मोजून बघ," ती म्हणाली. "तुझीच आहेत."

सोमिलाने मोजली नाहीत. पण त्या दिवशी तो काठावर नुसताच बसून राहिला.

पण आसनाची आठवण येऊन पुढच्या दिवसापासून तो पुन्हा गळ टाकू लागला. इकडे डोहात बोधिसत्त्व ते दाढीच्या केसाचे पाखरू ओळखून होते. नदीवरची सारी पाखरे संध्याकाळी मरत. हे मात्र रोज सकाळी तेच येई, तसाच डावा पंख किंचित वाकडा घेऊन. बोधिसत्त्वांनी विचार केला, जे मरत नाही ते जिवंत असणार नाही. त्यांनी आपल्या सोबतच्या माशांना त्यापासून दूर ठेवले. परंतु एक मादी बाहेरच्या पाण्यातून नुकतीच आली होती. तिचे पोट अंड्यांनी भरले होते आणि तिला भूक होती. एके सकाळी सोमिलाने गळ टाकला, तेव्हा ती त्या पाखराकडे झेपावली. तिला समजावण्याइतका वेळ नव्हता. बोधिसत्त्व पुढे गेले आणि त्यांनी ते स्वतः गिळले.

काठी वाकली. शिडासारखा पर पाण्यावर उघडला, आणि सोमिलाला आपले आसन, दवंडी आणि दरबाराची पडलेली तोंडे एकदम दिसली. मासा उथळ पाण्यात आला. सोमिलाने हात पुढे केला आणि थांबला. मग त्याने दोन्ही हात नदीत बुडवले. हाडे दुखेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मासा पळाला नाही. हात पाण्यासारखे झाले तेव्हा त्याने माशाला खालून उचलले. ओव्याचा वास वर आला.

"पाखरू चांगलं बांधलं आहेस," मासा म्हणाला. "फक्त ते मरायला विसरतं."

सोमिल स्वप्नात असल्यासारखा होता, म्हणून दचकला नाही. "ठाऊक होतं, तर गिळलंस कशाला?"

"माझ्यामागे एक भुकेली होती. तिला ठाऊक नव्हतं."

सोमिलाने सगळे सांगून टाकले, पैज, आसन, भाटांची ओळ. आयुष्यात एकदा मी खरे बोललो, तो म्हणाला, आणि तेच कोणी मानले नाही.

"मग मला घेऊन जा," मासा म्हणाला. "मी धडपडणार नाही. तुझा शब्द खरा होईल. त्यानंतर काय होईल ते तूच जाण. तुमच्या दरबारात मी गेलेलो नाही."

दरबार सोमिलाला चांगला ठाऊक होता. आता त्याला राजाचे शेवटचे वाक्य आठवले. या काठावर एक मत्स्याध्यक्ष येईल, त्याच्यामागून उपाध्यक्ष, त्यांच्यामागून उपाध्यक्षांचे भाचे. जाळी येतील, बर्फाच्या पेट्या येतील. सगळ्यांचे हात ऊन असतील.

त्याने हळूच गळ सोडवला. ओंजळ पाण्याखाली नेली आणि उघडली. मासा क्षणभर तळहातावर थांबला, मग तिथे फक्त पाणी होते.

रम्यक नगरीत दरबार भरला. राजाने विचारले, "मासा कुठे आहे?"

"आणला नाही, महाराज."

"म्हणजे नाहीच."

सोमिल गप्प राहिला. खोटे तर त्याला बोलायचे नव्हते आणि खरे बोलायची सोय राहिली नव्हती. मान खाली घालून तो मंत्र्यांच्या आसनावरून उठला आणि राजासमोरून भाटांच्या ओळीकडे निघाला. तो जवळून जाताना राजाने नाक वर केले.

"ओव्याचा वास येतोय," राजा म्हणाला. मग त्याला दया आली. "वातविकार झालेला दिसतो बिचाऱ्याला. इतक्या लांबच्या प्रवासात व्हायचाच. राजवैद्यांना सांगा."

दरबार हसला. सोमिलही हसला. भाटांच्या ओळीत त्याने पुढे अनेक नद्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि त्याचे हात पुन्हा दूर दूर जाऊ लागले. त्या एका नदीची गोष्ट मात्र त्याने कधी सांगितली नाही.

पुढे कितीतरी जन्मांनंतर, खोटा आळ येऊनही दुसऱ्याला वाचवण्यासाठी मौन धरलेल्या उत्तिय नावाच्या एका भिक्खूला संघातले लोक हसत होते. त्यांना शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली, आणि जन्मांचा मेळ असा घातला: "तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा हा उत्तिय. खेमी म्हणजे दारातली ती म्हातारी भिक्खुणी, जिच्या हाताला अजूनही ऊब नाही. भद्रसेन आजही कुठेतरी राजाच असेल, हसत असेल. तो मासा मी होतो." मग त्यांनी हसणाऱ्यांवरून शांतपणे दृष्टी फिरवली. "आणि त्या मादीच्या पोटात जी अंडी होती ना, ती तुम्ही."

विहारात कोणी हसले नाही. दुसऱ्याला जगू द्यावे आणि त्यापायी आपला शब्दही बुडू द्यावा, ही या कथेतली करुणा होय.