जुना न होणारा संगणक

“असा संगणक आणा, जो कधीच जुना होणार नाही!”

वेळूगडच्या उदाजीराव महाराजांनी फर्मान सोडलं आणि दरबारातल्या प्रत्येकाने आपापल्या पायातल्या जोड्यांकडे पाहिलं. महाराजांचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत तलवारींच्या शेजारी राजवाड्याचा संगणक मांडायची तिथे रीत होती. महाराज दरवर्षी नवाकोरा संगणक घ्यायचे. दिवे लुकलुकणारा, काचेच्या पोटाचा! तरी दिवाळी सरते न सरते तोच तो रडतखडत चालू लागायचा, गोदामात जायचा. आणि पुढच्या दसऱ्याला महाराजांचे मेहुणे सर्जेराव आणखी भारी संगणक घेऊन हजर! वर मिशीला पीळ देत म्हणायचे, “दाजी, तुमचा जुना झाला की!”

“जो आणेल, त्याला मागेल ते देऊ,” महाराज म्हणाले. “नाहीतर दसरा झाला की गोदामातलं सगळं दगडाच्या खाणीत फेका, आणि युवराजांची प्रोग्रॅमिंगची शिकवणीही बंद!”

युवराजांना याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते सगुणाला. ती पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या भिकाजी मोतद्दाराची लेक. युवराजांची शिकवणी चालायची तेव्हा ती खिडकीबाहेर घोड्यांना चारा घालायची आणि कान मात्र आत ठेवायची. प्रोग्रॅम कसा लिहायचा, संगणकाच्या पोटात काय काय असतं, सगळं तिला तोंडपाठ. फक्त कीबोर्डला कधी बोट लागलं नव्हतं. आता तर खिडकीच बंद होणार!

ती तडक दरबारात आली. “सरकार, मी आणते! पण त्या संगणकावर काम काय करायचं?”

दरबार चपापला. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“काम?” महाराज जरा घुटमळले. “युवराजांनी प्रोग्रॅम लिहायला शिकायचं. आणि... सर्जेरावांची जिरवायची!”

“दोन्ही होईल. मला गोदामाची किल्ली द्या.”

“देतो! पण फजिती झाली, तर तुझ्या बापाची नोकरी गेली म्हणून समज!”

दाराशी उभा असलेला भिकाजी पुढे धावला. “अगं कार्टे, काय करून बसलीस हे!”

गोदामात धूळ खात पडलेले संगणक सगुणाने एकेक करून उघडले आणि खुदकन हसली. मग बापाचा घोड्यांचा मऊ ब्रश मागून घेतला आणि बराच वेळ नुसती झाडत बसली. जे निघालं ते एका पुडीत बांधून ठेवलं.

मग निवडानिवड सुरू झाली. भिकाजीने एक लांबलचक ग्राफिक्स कार्ड उचललं. “हे घाल! केवढं दांडगं आहे बघ!”

“आबा, टांग्याच्या घोड्याला तुम्ही वरातीची झूल घालून रोज पळवता का?”

“छे! काहीतरीच काय!”

“मग! प्रोग्रॅम लिहायला या झुलीचं काय काम? पडद्यावर अक्षरं दाखवण्यापुरती सोय या प्रोसेसरमध्येच आहे.” तिने तो प्रोसेसर त्याच्या मदरबोर्डासकट घेतला. रॅमच्या पट्ट्या त्याच जातीच्या शोधल्या, कारण दुसऱ्या जातीची पट्टी त्या खाचेत बसतच नव्हती. सगळ्यांना पुरून उरेल असा दणकट पॉवर सप्लाय घेतला. नवी मागून घेतली ती एकच वस्तू, माहिती झटपट साठवणारी एसएसडी; तिच्यावर लागेल ते सगळं शिकवणीच्या मास्तरांनी भरून दिलं. त्यामुळे मरगळलेला गडी कसा तरतरीत झाला! कॅबिनेट निवडलं काळं, साधं आणि पंख्यापुढे बारीक जाळी असलेलं.

“हे तर तेलाच्या डब्यासारखं दिसतंय,” भिकाजी हताश होऊन म्हणाला.

दसरा उजाडला. सर्जेरावांचा संगणक चौरंगावर सात रंगांत झगमगत होता. पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं ठाम मत होतं, की संगणक पंख्यातून श्वास घेतो, म्हणजे देवत्वही तिथेच. त्यांनी चालू पंख्यावर भक्तिभावाने मूठभर गुलाल आणि अक्षता उधळल्या. मग ते सगुणाच्या डब्याकडे वळले.

“गुरुजी, थांबा! कुंकू कपाळाला लावा, नाकात कोंबू नका!” म्हणत तिने आपला संगणक बंद केला आणि वरच्या पत्र्यावर बोटभर कुंकू लावून घेतलं.

सर्जेराव खो खो हसले. “दाजी, हा डबा जुना होणार नाही म्हणता?”

“नाही होणार!” सगुणा म्हणाली.

“कशावरून?” महाराजांनी दरडावलं.

“सरकार, हा आधीच जुना आहे! तुमच्याच गोदामातला. एकदा जुना ठरलेला पुन्हा जुना कसा ठरेल?”

महाराज लाल झाले. “आमची थट्टा करतेस? भिकाजी!”

भिकाजीने डोळे मिटून घेतले.

“थट्टा वाटली तर दोघांना एकच काम द्या, सरकार. मग काय ती शिक्षा करा.”

शिकवणीच्या मास्तरांनी दोन्ही संगणकांवर एकच भलामोठा प्रोग्रॅम लावला. सगुणाचा डबा गुणगुणत कामाला लागला. सर्जेरावांचा आधी जोरात पळाला, मग घरघरला, मग विमानासारखा गर्जला, आणि गुलालाचा एक लाल फवारा सोडून गप्प झाला! इकडे डब्याच्या पडद्यावर उत्तर आलंसुद्धा.

“पण... मग आमचे सगळे संगणक जुने का झाले?” महाराजांचा आवाज खाली आला.

सगुणाने पुडी सोडली. आत दरवर्षीचा गुलाल, अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. “ते जुने कधी झालेच नव्हते, सरकार. गुदमरले होते!”

महाराजांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी छताची नक्षी बघू लागले.

“ते ठीक आहे,” महाराज हट्टाने म्हणाले. “पण पुढच्या दसऱ्याला सर्जेराव पुन्हा नवा घेऊन आले, तर आम्ही काय करायचं?”

“गुरुजींना त्याची पूजा करू द्यायची, सरकार! दिवाळीनंतर तो आपल्याच गोदामात येईल!”

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली. भिकाजीने एक डोळा उघडून पाहिलं आणि मग दुसराही उघडला.

“माग पोरी, काय हवं ते!”

“गोदाम, सरकार. आणि पागेशेजारची रिकामी खोली. आम्हा पागेतल्या पोरांना शिकायचंय.”

“दिलं! मास्तरही दिले! आणि युवराज, तुम्हीही तिथेच शिकायला जा!”

त्याच संध्याकाळी पागेशेजारच्या खोलीत सगुणाने पहिल्यांदा कीबोर्डवर बोटं ठेवली. दारात सर्जेरावांचा संगणक येऊन पडला होता. भिकाजी घोड्याचा ब्रश घेऊन त्याला झाडत बसला होता.