वळणाची हाक

त्या देशात हंसांची पिल्लं कानांनी उडायला शिकत. रांगेच्या पुढच्या टोकाशी म्हातारा धुरकरी उडायचा. तोच त्यांचा शिक्षक. तो मान न वळवता हाक द्यायचा, एका हाकेला डावीकडे, दोन हाकांना उजवीकडे, आणि मागची रांग वळायची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं, म्हणून ते बरोबर होतं.

ज्या पिल्लांना ऐकू येत नसे त्यांच्यासाठी बाजूला एक तळं राखलेलं होतं. गवत कोवळं, पाणी उथळ. मोठे हंस येता-जाता तिथे थांबत आणि स्वतःच्याच चांगुलपणावर खूश होऊन पुढे जात. उडायला मात्र तिथे कुणी शिकवत नसे. उन्हाळ्यात सगळी तळी आटत आणि थवा उत्तरेला निघून जाई. त्या तळ्यावरच्यांचं पुढे काय होतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

रेवाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तळ्यावरच्यांचं पुढे काय होतं, ते तिच्या आईने विचारलं आणि रेवाला रांगेत घ्या म्हणाली. धुरकरी म्हणाला, हिच्यापायी बाकीची पिल्लं मागे पडतील.

"मागे पडतील ती उशिरा का होईना, पोहोचतील," आई म्हणाली. "माझी इथेच राहील."

ती हटेना, तेव्हा त्याने वैतागून रेवाला रांगेत घेतलं. अट एकच: निघण्याआधी परीक्षा होईल, आणि चुकली तर तळ्यावर परत.

सुरुवातीला रेवाने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. रांग वळायची आणि ही सरळ जाऊन शेजारच्या टिवल्या नावाच्या पिल्लावर आदळायची. टिवल्या काही फार दयाळू नव्हता. आपली पिसं वाचवायला तो वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरासा झुकवू लागला. रेवा वळू लागली. बाकीच्यांना तो खेळच वाटला. हाक आली की रांगभर पंख झुकत. धुरकरी रागवायचा. पिल्लांना दटावण्यासाठी त्याला आता सारखं मागे बघावं लागे.

परीक्षेच्या दिवशी त्याने बजावलं, आज कुणीही पंख झुकवायचा नाही. रेवाला त्याने थेट आपल्या मागे घेतलं. खाली आईला बघवेना, तिने डोळे मिटून घेतले.

थवा वर चढला. टिवल्या पंख ताठ धरून उडत होता आणि त्याचा जीव नुसता तुटत होता. धुरकऱ्याने मान उंचावून डाव्या वळणाची हाक दिली. हाक देताना, त्याच्याही नकळत, त्याचा डावा पंख खाली झुकला.

रेवा सगळ्यांच्या आधी वळली.