महादेवीचा आधार

"मग मदतीची बाई महादेवीकडं नको ना पाठवायला, अप्पा?"

चन्नवीरने मोठ्या उत्साहाने विचारलं. तो मठाचा शिष्य. शहरात समाजसेवेचं शिक्षण घेऊन परतला होता आणि आल्यापासून दिसेल त्याचं मोजमाप घेत सुटला होता. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या आयांना किती आधार मिळतो, हे मोजायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. मठाला एकाच घरी बाई ठेवणं शक्य होतं. जिला सगळ्यात कमी आधार, तिच्याकडे ती जाणार होती.

"का नको?" मठाचे स्वामी असलेल्या अप्पांनी विचारलं.

"तिला सगळ्यात जास्त गुण पडलेत. नवरा मदत करतो? पुष्कळ. सासू? पुष्कळ. शेजारी? तेही पुष्कळ! एकदाही अडखळली नाही."

"नवरा कुठं होता तेव्हा?"

"समोरच. घरातल्या सगळ्यांना मी मुद्दाम बसवून घेतलं होतं."

"आणि लेकरू?"

"तिच्या मांडीवर."

"सगळा वेळ?"

"हो... सगळा वेळ."

अप्पांनी ओसरीकडे नजर टाकली. चन्नवीर घाईने म्हणाला,

"उत्तरं तिचीच आहेत, अप्पा. मी पदरची घातलेली नाहीत."

"दर्शनाला आलीय ती. ओसरीवर बसलीय. बोलाव. पुन्हा विचार."

महादेवी आत आली. कडेवर सात-आठ वर्षांचा ईरण्णा. पाय ताठ, मान एका बाजूला कललेली.

अप्पांनी हात पुढे केले. "दे इकडं."

"नको अप्पा, लाळ गळती त्याची. शाल खराब हुईल."

"होऊ दे."

त्यांनी पोराचे गुडघे हलकेच दुमडले, त्याला मांडीवर आडवं घेतलं. ईरण्णा एकदा ताठरला, मग सैल झाला. महादेवीला रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना.

"टेकून बस, बाई. चन्नवीरला काही विचारायचंय."

ती भिंतीला टेकली आणि कुणी विचारायच्या आधीच बोलू लागली.

"सगळी करत्यात हो माझं. कुणाला नावं ठेवायला..."

वाक्य तिथेच राहिलं. मान कलली. महादेवी बसल्या जागी झोपली होती.

चन्नवीर पेन घेऊन उभाच राहिला. त्याला फार अवघडल्यासारखं झालं.

"उठवू का, अप्पा?" तो हळूच म्हणाला. "अजून एकही प्रश्न विचारला नाही..."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. शालीवर लाळेचा ओघळ पसरत होता.

"गप्प बस. उत्तर देतीय ती."