खांद्यावरचा हात

एकदा एक वृद्ध वैद्य घाटमाथ्यावरच्या लहानशा गावात राहत होते, अशी या गोष्टीची सुरुवात करता येईल. पण खरे तर ही गोष्ट त्यांच्या शिष्याची आहे.

शिष्याचे नाव त्रिंबक. चांगला पंचविशीचा, धिप्पाड गडी. वनस्पती त्याला तोंडपाठ होत्या, नाडीवर बोट ठेवले की रोग्याला रात्री झोप लागली की नाही तेही सांगे. दोष एकच होता. एकट्याने घाट उतरायचा म्हटले की त्याला भीती वाटे. लहानपणी तो रानात हरवला होता वगैरे कारण शोधू नका. तसे काहीही घडले नव्हते. भीतीला कारण लागतेच असे नाही. "गुरुजी, तुम्ही नुसते सोबत असा, मग मी कुठंही येतो," असे तो म्हणे. आणि बिचारे गुरुजी कुरकुरणारे गुडघे सांभाळत उठत.

दरीतल्या वाड्यांवर रोगी पाहायला जाताना त्या भागातल्या वैद्यांची एक रीत होती. शिष्याने औषधांची पिशवी घेऊन पुढे चालायचे आणि काठीने गवत झोडपायचे, म्हणजे साप-किरडू बाजूला होते. गुरूने त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून यायचे. चालताना गुरुजी प्रश्न विचारीत.

"ओढ्याला पाणी किती आहे?"

"गुडघाभर."

"फाट्यावर कुठं वळशील?"

"डावीकडं, करवंदीच्या जाळीवरून."

"उजव्या अंगाला काय दिसतं?"

"कडा. वाट अरुंद आहे, जपून या."

"बरोबर. चल."

गुरू प्रश्न विचारतात ते परीक्षा घेण्यासाठी, हे शिष्याच्या हाडीमाशी खिळलेले असते. त्रिंबक प्रत्येक उत्तर जपून देई आणि 'बरोबर' ऐकले की त्याच्या जिवात जीव येई. परीक्षा देणाऱ्याला परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघायचे सुचत नाही.

एके दिवशी सकाळी खालच्या वाडीचा एक माणूस लंगडत अंगणात आला आणि ओट्यावर कोसळला. घाट चढताना त्याचा पाय मुरगळला होता, घोटा टम्म सुजला होता. पण तो पायाबद्दल बोललाच नाही.

"माझ्या पोरीचा ताप उतरंना, वैद्यबुवा. कालपास्नं ती मला वळखतबी न्हाई. घरात तिची आय एकलीच हाय. लवकर चला."

वैद्यांनी त्याला लक्षणे विचारली, त्रिंबकाला औषधाच्या पुड्या बांधायला सांगितल्या आणि म्हणाले, "त्रिंबका, तू एकटा जा. मी आलो तर तुझा वेळ मोडेल. पोरीला वेळ नाही."

त्रिंबकाचा चेहरा उतरला. "एकटा? वाट चुकलो तर? पोरीचं काही बरंवाईट झालं तर? नको, गुरुजी, तुम्ही चलाच. आणि आज पुढं तुम्हीच व्हा. मला रस्त्याची खात्री नाही."

पोरीचा बाप एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिला. वैद्य काठी घेऊन उठले.

"बरं," ते म्हणाले, "मी पुढं होतो."

लंगडणाऱ्या बापाला ओट्यावरच ठेवून दोघे निघाले. गावाबाहेर पहिल्याच वळणावर पायवाट कड्याला लागून डावीकडे वळते. वैद्य काठी टेकत पुढे चालले होते. वाट वळली. वैद्य वळले नाहीत. ते सरळ गेले.

त्रिंबकाला वाटले, कड्याच्या काठावर गुरुजींना एखादी दुर्मीळ वनस्पती दिसली असावी. तो कौतुकाने बघत उभा राहिला. मग वैद्यांचा पाय कारवीच्या झुडपातून आरपार गेला, आणि सुटलेले चार दगड खाली आपटल्याचा आवाज फार उशिराने वर आला. त्रिंबकाने पिशवी टाकली, झेप घेतली आणि गुरुजींचा दंड धरून त्यांना मागे ओढले. दोघेही वाटेवर आडवे झाले.

"गुरुजी, समोर कडा होता."

"असेल."

"तुम्हाला दिसला नाही?"

"मला गेल्या माघापासून काहीच दिसत नाही."

त्रिंबकाने त्या दिवशी प्रथमच गुरुजींच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. बुबुळांवर दुधासारखा पडदा आला होता. वैद्य नाडी बोटांनी बघत, औषधे वासाने ओळखत, घरात पावलांच्या सवयीने वावरत. पोथी वाचण्याचे काम तर केव्हाच शिष्याकडे आले होते. त्याला ओढ्याचा पूर आठवला, निसरडा खडक आठवला, रुंदीला जेमतेम एक पाऊल मावेल अशी ती कड्यावरची वाट आठवली. त्या सगळ्या वाटांवर आपल्या पाठीमागे एक आंधळा माणूस चालत होता, आणि आपण मात्र त्याच्या भरवशावर निर्धास्त होतो, हे त्याला आता कळले.

"मग तुम्ही 'बरोबर' कशाच्या जोरावर म्हणत होता?"

"तुझ्या. तू सांगशील तसं."

"तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं. आधी लाज वाटली म्हणून बोललो नाही. ज्याला स्वतःला दिसत नाही त्या वैद्याला कोण विचारणार? पुढं तुझी चाल ऐकली. मी मागं आहे असं वाटलं की तू एकदाही चुकत नव्हतास. वाटलं, तुझा तुलाच एक दिवस उमज पडेल. तो पडेना, आणि आज तू मला पुढं घातलंस."

"मी धरलं नसतं तर?"

"तर मेलो असतो. पण बाबा, वर्षभर तूच तर मला धरून आहेस. वाट तू बघितलीस, पाणी तू जोखलंस, वळणं तू ठरवलीस. माझा तुझ्या खांद्यावर नुसता हात होता, आणि तो आधार देत नव्हता, आधार घेत होता. तू सोबत मागत होतास. खरी सोबत मला मिळत होती. आता ऊठ. मी इथं बसतो, गुराखी आले की त्यांच्याबरोबर घरी जाईन. ती पोर वाट बघते आहे."

दिसत नसताना वैद्य पुढे झाले हे शहाणपणाचे होते, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्यांचे हट्ट कधीकधी जिवावरचे असतात. पण त्रिंबक उठला. राग होता, भीतीही होती. पिशवी उचलून तसाच तो निघाला. फाट्यावर तो थांबला, करवंदीची जाळी शोधली आणि डावीकडे वळला. कुणी 'बरोबर' म्हणाले नाही. वाट तरीही खालीच गेली.

वाडीत पोचल्यावर त्याने पोरीची नाडी पाहिली, काढा उकळून घेतला, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि तो तिच्या उशाशी बसून राहिला. दिवस कलताना तिला दरदरून घाम सुटला. तिने डोळे उघडले, आईला हाक मारली आणि पेज मागितली. आईने पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतले.

मग डोळे पुसून तिने त्रिंबकाला विचारले, "कारभारी तर वरच ऱ्हायले म्हनता. मग एवढ्या घाटातनं सोबतीला कोन व्हतं तुमच्या?"

त्रिंबकाने औषधाची पिशवी बाजूला ठेवली.

"कुणी नव्हतं," तो म्हणाला. "गेलं वर्षभर कुणीच नव्हतं. मला आज कळलं."

तिला यातले काही उमगले नाही. तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली, आणि दिवसभराचा उपाशी त्रिंबक खाली मान घालून जेवू लागला.

वाचकहो, ज्याच्या भरवशावर आपण वाट चालतो, तो आपल्याच डोळ्यांनी तर चालत नाही ना, हे एकदा मागे वळून बघावे.