सावळा आणि कंपनी, नग एकतीस

हिवरखोऱ्यात चाक म्हणजे बैलगाडी आणि बैलगाडी म्हणजे सावळा मिस्त्री, त्या काळापासून ही गोष्ट सुरू होते. ऐका, पण मध्येच ‘हे खरं कशावरून?’ असं विचारू नका. तसं विचारणाऱ्या एक बाई येऊन गेल्या आहेत, आणि त्यांचं काय झालं तेच तर सांगायचं आहे.

खोऱ्यात वाड्या पाच आणि शाळा एक, तीही खिंडीपलीकडे. पोरं तांबडं फुटताना निघायची, आणि पोचायची तेव्हा प्रार्थना, हजेरी, पाढे सगळं उरकलेलं असायचं. हजेरीपटावर रोज गैरहजर. मग घरची माणसं म्हणायची, एवढी तंगडतोड करून पोरगी गैरहजरच लागणार असेल तर तिनं शेळ्या राखलेल्या काय वाईट? असं करता करता एकेक पोर शाळेतून गळायला लागलं. सावळा मिस्त्री स्वतः शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण त्याला ते बघवेना. खिंडीच्या पायथ्याला मिलिटरीचा एक ट्रक कुणीतरी टाकून गेलं होतं. चाकं, इंजिन आणि सांगाडा, वर काहीच नाही. मिस्त्रीनं त्यावर बाभळीच्या लाकडाची शाळेची बस बांधली.

असं म्हणतात, की साऱ्या गाडीत त्यानं लोखंडाचा एक खिळा मारला नाही. असं म्हणतात, की प्रत्येक पोराची पोटरी दोरीनं मोजून त्यानं बाकं केली, म्हणून त्या बसमध्ये कुणाचेच पाय अधांतरी राहिले नाहीत. खिंडीत वाघ आडवा आला तर उठून बाजूला व्हायचा, आणि पोरं ‘येतो रं मामा’ म्हणून पुढे जायची. फौजेतून परतलेला एक ड्रायव्हर गाडी हाकायचा, पण त्याच्या हातात काही नव्हतं. एक पोर जरी कमी असलं तरी गाडी जागची हलायची नाही, असं म्हणतात.

पुढे खिंडीतून डांबरी रस्ता आला, एस.टी. आली. मिस्त्री गेला आणि बसही खोऱ्याबाहेर गेली. कुणी तिच्यातून कोंबड्या नेल्या, कुणी सर्कशीचे तंबू नेले. फिरत फिरत ती शहरातल्या जुन्या वाहनांच्या एका संग्रहालयाच्या परसात येऊन थांबली.

तिथे नोंदी ठेवायला प्रमिला जोगदंड नावाच्या बाई होत्या. बाई नेटक्या, चष्म्याच्या, आणि कागद असल्याशिवाय सूर्य उगवला हेही न मानणाऱ्या. त्यांनी बसच्या मागच्या अंगाचा रंग खरवडला तर खाली एक फळी निघाली. तिच्यावर पहिलीतल्या पोरानं गिरवावीत तशी वाकडी अक्षरं कोरलेली होती: ‘सावळा आणि कंपनी. हिवरखोरं. नग ३१.’

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. कुणाच्या गावीही नसलेली कंपनी! एकतीस शाळेच्या बस बांधणारा कारखाना! त्यातली ही शेवटची! त्यांनी संग्रहालयाच्या अध्यक्षांना तसं ठासून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, मग कागद आणा. कारखाना कुठे होता, बाकीच्या तीस गाड्या कुठे गेल्या, सगळं. महिनाभर थांबतो. नाही तर परसात जागा नाही, गाडी कापून भंगारात जाईल.” बाई हो म्हणाल्या. त्या बसमधल्या सगळ्यात बुटक्या बाकावर त्या एकदा बसून बघून आल्या होत्या. असलं बाक भंगारात जावं, हे त्यांच्यानं सहन होण्यासारखं नव्हतं.

सरकारी दप्तरं त्यांनी पालथी घातली. सावळा नाही आणि कंपनीही नाही. शेवटी वही घेऊन त्या हिवरखोऱ्यात आल्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे लिहिलं ‘पुरावा’ आणि उजवीकडे लिहिलं ‘असं म्हणतात’.

आठवड्याभरात उजवी बाजू भरून वाहायला लागली आणि डावी होती तशी कोरी राहिली. कारखाना कुठे होता म्हणून विचारलं, तर एकानं बाभळीचं झाड दाखवलं आणि दुसऱ्यानं विहिरीचा काठ. गाड्या किती बांधल्या म्हटलं, तर तिसरा म्हणाला, “गाडी येकच. पन नग येकतीस.” बाईंना कळेना, की एक गाडी एकतीस कशी होते. “असं कोण म्हणतं?” त्यांनी विचारलं. “कोन म्हंजे? समदीच म्हंत्यात,” तो म्हणाला, आणि त्यालाच बाईंची कीव आली.

कुणीतरी त्यांना वरच्या वाडीतल्या ठकूबाईकडे धाडलं. म्हातारी अंगणात चवळीच्या शेंगा सोलत होती.

“आजी, मिस्त्रींचे एकतीस नग होते ना?”

“व्हते की! येकापरीस येक नग!”

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पेन्सिल काढली. “मग गेले कुठे सगळे?”

“पाच म्हमईला. दोन मिलिटरीत. येक नग फार खोकायचा, त्यो लवकर गेला बिचारा.”

बाईंनी लिहिलं: मुंबई पाच, लष्कर दोन, इंजिनात बिघाड एक.

“आन् आठ-धा लगीन करून दिल्या घरी गेल्या.”

पेन्सिल थांबली. बाईंनी बराच विचार केला आणि लिहिलं: वऱ्हाडाच्या भाड्यासाठी विकल्या असाव्यात.

“आन् येक तुमच्या म्होरं बसलाय.”

बाईंनी अंगणभर नजर फिरवली. कोंबड्यांचं डालगं होतं, उखळ होतं, बस काही दिसेना. तेव्हा ठकूबाई शेंगा टाकून हसायला लागली. “आवं बाई, गाडी काय हुडकताय? म्या नग! सहावा नग! मिस्त्री आमा पोरास्नी नग म्हनायचा. लाकडं वडायला, फळ्या धरायला आमीच. म्हनून त्येची कंपनी.”

झालं. बाई तिथेच उखळावर बसल्या. कारखाना म्हणजे बाभळीचं झाड, कंपनी म्हणजे शेंबडी पोरं, आणि एकतीस नग म्हणजे एकतीस टारगट. आता अध्यक्षांना काय तोंड दाखवायचं? त्यांना रडू फुटलं, ते त्यांनी लपवलंही नाही. ठकूबाईनं शेंगांचं सूप त्यांच्या मांडीवर सरकवलं आणि म्हणाली, “रडत रडत का हुईना, सोला जरा.”

सोलता सोलता निदान ही पोरं तरी धड मोजू म्हणून बाईंनी नावं लिहून घेतली. भरली तीस. पुन्हा मोजली, तरी तीस. पाची वाड्या फिरल्या, तरी तीसच. एकतिसावं कोण? पुजारी म्हणाला, खुद्द मारुती बसायचा. गुराखी म्हणाला, माझ्या आजोबाची शेळी, तीही हुशार होती. बाईंचं डोकं गरगरायला लागलं. त्या पुन्हा ठकूबाईकडे आल्या.

“येकतीसच व्हतो,” म्हातारी ठामपणे म्हणाली. “गाडी निघायच्या आदी आमी येक, दोन, तीन करत आकडं म्हनायचो. शेवटला आकडा मिस्त्रीच म्हनायचा, मागच्या बाकावरनं. येकतीस म्हनला की गाडी सुटायची.”

“पण तो मोजणारा! नगांमध्ये कसा?”

“त्ये मला काय ठावं? येकतीस म्हनल्याबिगर गाडी हलायची न्हाई, येवढं खरं.”

“आणि दिवसभर मिस्त्री कुठे असायचे?”

“शाळंच्या मागच्या पडवीत. गाडीची वाट बघत बसायचा.”

महिना संपायला चार दिवस उरले होते. बाई खिंडीपलीकडच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून वाळवीनं कडा खाल्लेला, खोऱ्यातल्या पोरांचा पहिलीचा हजेरीपट काढून दिला. बाई एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. सहावं नाव ठकूचं. तिसावं नाव कुणा बाबूचं. आणि त्याखाली: ‘३१. सावळा बाळा सुतार. वय ५४.’ पुढे साऱ्या वर्षाचे रकाने, आणि रकान्यांत नुसतं हजर, हजर, हजर.

म्हणजे पडवीत बसून तो गाडीची वाट बघत नव्हता, भिंतीआडून धडे गिरवत होता, आणि मास्तर गुपचूप त्याची हजेरी लावत होते. बाईंना ती वाकडी अक्षरं आठवली आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. फळीवर त्यानं गाड्यांची संख्या लिहिलीच नव्हती. शिकलेल्यांची संख्या लिहिली होती, स्वतःला धरून.

हजेरीपट घेऊन त्या शहरात आल्या. अध्यक्षांनी तो उलटसुलट करून बघितला. “हा गावचा सुतार झाला, बाई. कंपनी कुठे आहे? गुरुवारी गाडी कापायची.” बाईंनी खोऱ्यात निरोप धाडला, की गुरुवारी गाडी कापणार, माफ करा, माझ्याच्यानं झालं नाही.

गुरुवारी सकाळी गाडीचा सांगाडा कापायला आलेला गॅसवाला परसात नळी जोडत होता, तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. त्यातून नऊवारीतल्या म्हाताऱ्या उतरल्या, टोप्या घातलेले म्हातारे उतरले, सगळी मिळून एकोणीस माणसं. ती कुणाला न विचारता बसमध्ये चढली आणि आपापल्या बाकावर बसली. गुडघे पार हनुवटीला लागले, पण जागा कुणाची चुकली नाही.

“कोण तुम्ही?” अध्यक्ष ओरडले.

“कंपनी,” ठकूबाई म्हणाली.

प्रमिलाबाईंनी हजेरीपट उघडला आणि नावं पुकारायला सुरुवात केली. जे होते त्यांनी हजर म्हटलं. जे या जगात नव्हते त्यांच्यासाठी शेजारच्यानं म्हटलं. तीस नावं झाली. मग बाईंनी एकतिसावं नाव घेतलं. “सावळा बाळा सुतार.” मागचं बाक रिकामं होतं. त्याच्या शेजारीही कुणी नव्हतं.

आणि भोंगा वाजला.

दाराशी रबरी गोळ्याचा भोंगा होता. त्याचं रबर विरून किती वर्षं झाली होती कोण जाणे, हात लावला तर भुगा पडायचा. तो वाजला, असं म्हणतात. गॅसवाल्यानं नळी टाकली आणि हात जोडले. अध्यक्षांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले की गाडी राहू दे. ती अजून तिथे उभी आहे. पुढ्यातल्या फलकावर लिहिलं आहे: बांधणारे, सावळा आणि कंपनी. गाडी एक, नग एकतीस.

पुढे प्रमिलाबाईंना कितीजणांनी विचारलं, “बाई, तुम्ही तर तिथेच होतात. भोंगा खरंच वाजला का हो?” बाई चष्मा पुसायच्या, वहीतली डावीकडची कोरी बाजू बघायच्या आणि म्हणायच्या, “असं म्हणतात.”

हिवरखोऱ्याच्या शाळेत तेव्हापासून पहिलीच्या हजेरीपटात शेवटचं नाव सावळा बाळा सुतार असंच लिहितात. शाळा उघडते त्या दिवशी मास्तर ते पुकारतात, आणि खोऱ्यातलं अक्षर न शिकलेलं कुणीतरी मोठं माणूस दारातून ‘हजर’ म्हणून आत येऊन बसतं. लाजायचं कारण नाही, कारण नाव मिस्त्रीचं असतं. स्वतःचं नाव लिहिता येईपर्यंत ते त्या नावावर शिकतं. मागच्या साली धनगरवाड्यातली गोदूबाई आपल्या नातवाच्या शेजारी बसली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं मास्तरांकडून पेन मागून घेतलं, मिस्त्रीच्या नावाखाली जीभ चावत चावत आपलं नाव लिहिलं, आणि पेन परत देत म्हणाली, “माजं झालं, गुरुजी. आता मिस्त्रीचं नाव म्होरल्याला द्या.”