टेकडीखालची गळती

“...आणि यंत्राचं बरोबर निघालं, तर तुम्ही काय म्हणाल, बाबा?”

“बरोबर आहे म्हणेन. दुसरं काय म्हणणार?”

उस्मानबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून चहा बशीत ओतत होते. समोर रेवती कुलथे उभी होती. बसायला तिला सवडच नव्हती. सकाळपासून दोनदा टेकडी चढून-उतरून झाली होती, सलवार गुडघ्यापर्यंत मातीने माखली होती आणि चेहरा नुसता फुलून आला होता.

उस्मानबाबा म्हणजे कासारडोह नगरपालिकेचे जुने व्हॉल्व्हमन. चौतीस वर्षं त्यांनी गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खाली गाडलेला पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. निवृत्त झाल्यावर ते टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी, दर्ग्यात झाडलोट करत राहिले.

रेवती इंजिनिअर. पुण्यात तिघा मित्रांबरोबर तिने छोटीशी कंपनी काढली होती. दोन वर्षांपूर्वी ती बाबांकडे ही विद्या शिकायला आली, तेव्हा बाबांनी तिला पंधरा दिवस नुसतं ऐकायला बसवलं. भरल्या पाइपचा आवाज वेगळा, अर्ध्या पाइपचा वेगळा, चिरेतून सुटणाऱ्या पाण्याचा आणखी वेगळा. रेवतीने ते सगळे आवाज टिपून घेतले आणि त्यांवरून आपल्या यंत्राला शिकवलं.

यंत्र म्हणजे मुठीएवढे दोन डबे. एक या व्हॉल्व्हवर बसवायचा, एक त्या. मधे कुठे पाणी गळत असेल, तर आवाज एका डब्याला आधी पोचतो, दुसऱ्याला उशिरा. तेवढ्या फरकावरून मोबाइलच्या नकाशावर लाल ठिपका उमटतो.

कासारडोहला सहा दिवसांतून एकदा पाणी येई. नगरपालिकेने रेवतीला गळत्या शोधायला एक महिना दिला होता. महिन्यात तेवीस गळत्या सापडल्या होत्या. आणि आज सकाळी चोविसावी...

“सगळ्यात मोठी आहे, बाबा! टाकीतून गावाकडे उतरणाऱ्या मोठ्या लाइनवर. रोजचे चाळीस हजार लिटर! ही एक बुजवली ना, तर सगळ्या गळत्यांचं वाचलेलं पाणी मिळून सहा दिवसांचे चार दिवस होतील. उद्या नगरपालिकेच्या सभेत सांगणार आहे मी.”

“कुठेशी?”

“टेकडीच्या पोटाशी. मोठ्या शिळेच्या वरच्या अंगाला, अकरा पावलांवर.”

बाबांची बशी हातात तशीच राहिली.

“अकरा नाही,” ते म्हणाले. “दहा.”

रेवती हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

“तुम्हाला... माहीत होती?”

“बावीस वर्षं झाली.”

“आणि सांगितलं नाहीत?”

बाबांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

ज्या माणसाचे पाय धरून ती शिकली, त्याने बावीस वर्षं गावाचं पाणी मातीत जाऊ दिलं होतं. तिला गावातल्या बायका आठवल्या. पाण्याच्या दिवशी कामावर खाडा करून नळापाशी बसणाऱ्या.

“बाबा, हे पाप आहे.”

“असेल.” बाबांनी बशी खाली ठेवली, चपला पायांत सरकवल्या. “चल.”

“कुठे?”

“तुझा ठिपका बघायला. नकाशात वरून दिसतो. खालून बघ.”

दोघं टेकडी उतरली. शिळेला वळसा घालून बाबा थांबले. खाली खडी फोडणाऱ्या कामगारांची तीसेक घरं होती. नगरपालिकेची हद्द शिळेपाशी संपत होती आणि वस्ती हद्दीच्या शंभर पावलं पलीकडे होती. म्हणून तिथे नळ नव्हता.

शिळेच्या फटीतून पाणी झिरपत होतं. खाली दगड रचून केलेलं लहानसं डबकं, कडेला हळदकुंकवाची बोटं, ताजी फुलं. सुभद्रा नावाची एक बाई वाटीने घागर भरत होती.

“घ्या ना, ताई,” तिने वाटी पुढे केली. “देवाचं पाणी आहे. माझ्या सासूच्या वेळी फुटला झरा. भर उन्हाळ्यात आटत नाही बघा.”

रेवतीने वाटी घेतली. पाणी गार होतं... आणि त्याला टाकीतल्या औषधाचा बारीकसा वास होता.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा दुसरीकडे बघत होते.

“दोनदा अर्ज घेऊन गेलो होतो यांच्यासाठी,” परत चढताना ते म्हणाले. “हद्दीबाहेर, म्हणून परत आला. मग लाइन फुटली. मी सळई लावली, ऐकलं, खाली येऊन बघितलं. बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बुजवली असती. आता तू सांग बेटी, कुठलं पाप करायचं?”

रेवती शिळेवर टेकली. बाबांना वाटलं, पोरगी खचली.

ती खचली नव्हती, हिशोब करत होती.

“बाबा, वस्तीला रोज किती पाणी लागेल? पाच हजार लिटर?”

“तेवढंही नाही मिळत त्यांना. वाटीवाटीने किती भरणार...”

“म्हणजे पस्तीस हजार जातं मातीत!” ती ताडकन उठली. “बाबा, तुम्ही चुकलात! आणि मीही चुकत होते. तुम्ही म्हणत होतात गळती राहू दे, मी म्हणत होते बुजवा. अहो, मोठी लाइन इथूनच गेलीये! तीनशे फूट पाइप टाकला की वस्तीत नळ! ही नुसती गळती नाही, बाबा. पाण्याने स्वतःच दाखवलेली नळाची जागा आहे!”

ती हातवारे करत शिळेभोवती फिरत होती. कुठून पाइप न्यायचा, कुठे टाकी बसवायची, उतार किती... मोबाइलच्या नकाशावर तिने वस्तीतली तीस घरं बोटाने एकेक करून उमटवली. नकाशात तिथे आजवर कोरी जागाच होती.

उस्मानबाबा तिच्याकडे बघत राहिले.

“बावीस वर्षं,” ते पुटपुटले, “मला एवढंच ऐकू आलं, की गळतंय.”

दुसऱ्या दिवशी सभेत रेवतीने तेवीस ठिपके दाखवले. टाळ्या पडल्या.

“आणखी एक आहे,” ती म्हणाली. “सगळ्यात मोठा. पण आधी वस्तीच्या नळाचा ठराव करा. मग जागा सांगते.”

गलका उठला. हद्दीबाहेर! नियम आहे! एक सभासद तर उठून म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला अडवता?”

“हो,” रेवती म्हणाली. नगरपालिकेचं काम गेलं असतं, तर कंपनीही गेली असती. “चाळीस हजार वाचवून देते. त्यातले पाच हजार मागते. वस्ती हद्दीबाहेर असेल, पण पाणी बावीस वर्षांपूर्वीच हद्द ओलांडून गेलंय.”

दोन तास वाद चालला. मग ठराव झाला.

अठराव्या दिवशी वस्तीत नळ उभा राहिला. रेवतीने व्हॉल्व्ह फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग नळ खोकला, थरथरला, लालसर पाण्याची चूळ टाकली... आणि पांढरीशुभ्र धार धडाधड घागरीत कोसळली. वस्ती ओरडली. कोणी हलगी आणली. सुभद्राने भरली घागर उचलून रेवतीच्या डोक्यावर उपडी केली आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. रेवती चिंब भिजून खदखदा हसत होती.

दुपारी शिळेच्या वरच्या अंगाला खड्डा खणला. अकरा पावलांवर नव्हे, दहावर नव्हे... दोन्हींच्या मधोमध पाइपला हातभर चीर होती. पाणी बंद केलं, चिरेवर लोखंडी पट्टा आवळला, पाणी पुन्हा सोडलं. थेंबही सांडला नाही.

गुरुशिष्य एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा टेकडी चढून दर्ग्यात आली. रेवती निरोप घ्यायला आलेली होती. पुढच्या तालुक्याचं बोलावणं होतं, बॅग पाठीवरच होती.

“बाबा,” सुभद्रा म्हणाली, “झरा आटला.”

रेवतीने पाठीवरची बॅग खाली ठेवली.

“नळाला भरपूर पाणी आहे, त्याचं काही नाही. पण माणसं म्हणतात, तो झरा नव्हताच. फुटका पाइप होता.” तिचा आवाज ओला झाला. “सासूबाई मरेपर्यंत तिथे दिवा लावायच्या. मी नवस बोलले. पोर बरं झालं. बाबा, खरं सांगा... ते देवाचं पाणी नव्हतं?”

रेवतीने तोंड उघडलं. पाइप, दाब, चीर, सगळं तिला नीट समजावून सांगता आलं असतं.

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग ते उठले, पायरी उतरले आणि सुभद्रेपुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले.

“पाणी देवाचंच होतं, बाई. गळती तेवढी माझी होती.”