गोजराक्काचा विसावा

आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्या रांगत होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. करंजओहोळ गावात गोजराक्का नावाची सुईण राहत होती. मूल पाटलाचं असो की वेशीबाहेरच्या वस्तीतलं, ते आधी तिच्या हातात यायचं आणि मग आईच्या कुशीत जायचं. असं म्हणतात, की पोटावर नुसता तळवा ठेवून ती बाळंतपणाचा दिवस सांगायची आणि तो कधी चुकला नाही.

गावाची एक रीत होती. अन्याय जुना झाला की त्याला लोक रीत म्हणतात, तशी. वस्तीतल्या माणसाचं प्रेत गावातून न्यायचं नाही. मसणवटा गावाच्या पलीकडे, त्यामुळे वस्तीवाले तिरडी घेऊन ओढ्यात उतरायचे आणि चिखलातून गावाला वळसा घालायचे. गावातली माणसं मेली की वेशीतून सरळ रस्त्याने जायची.

एका श्रावणात ओढ्याला पूर आला. त्याच दिवशी वस्तीतल्या सटवाच्या बायकोला, तुळसाला, कळा सुरू झाल्या. सटवा बोलवायला आला तेव्हा गोजराक्का पाटलाच्या घरी होती. पाटलाच्या सुनेचं पोट दुखत होतं.

"सुनेला सोडून कुठं जायचं नाही," पाटील म्हणाला.

सुनेला अजून महिना अवकाश आहे, हे गोजराक्काला तळवा ठेवताच कळलं होतं. तरी ती बसून राहिली. पाटलाचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. संध्याकाळी ती वस्तीत पोचली तेव्हा तुळसा गेली होती. पोटातलं बाळही गेलं होतं.

दोन दिवस पूर ओसरला नाही. दोन दिवस तुळसा झोपडीत पडून राहिली आणि गोजराक्का तिच्या उशाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी गोजराक्का उठली.

"उचला. गावातून जायचं."

"मारतील, आक्का," सटवा म्हणाला.

"पुढचा खांदा माझा. आधी मला मारावं लागेल."

बाईने खांदा द्यायचा नसतो. गोजराक्काने दिला.

वेशीत पाटील उभा होता, मागे काठ्या घेतलेली वीस माणसं.

"गोजराक्का, माघारी फिर. वेस बाटेल."

"पाटील, तुम्ही पायाळू. आईला दोन दिवस रडवून आलात. ज्या हातांनी तुम्हाला ओढून काढलं, त्याच हातांनी आदल्या रात्री वस्तीतलं पोर काढलं होतं. वेस तेव्हाच बाटली." मग ती पुढच्या काठीवाल्याकडे वळली. "आणि तू रे गणोबा? जन्मलास तेव्हा रडेनास. उलटा टांगून ढुंगणावर चापट दिली, तेव्हा कुठं आवाज फुटला. आज लई ओरडतोयस!"

घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं. गोजराक्का हसली नाही.

"परवा मी तुमच्या घरी बसून राहिले, पाटील. सुनेला काही झालं नव्हतं, मला ठाऊक होतं. ही तिकडं मला हाका मारत मेली. आता हिला मी ओढ्यात उतरवणार नाही."

लोक तिला ढकलायला धावले. असं म्हणतात, की त्या वेळी तिचे पाय वेशीच्या दगडात घोट्यापर्यंत रुतले. दहा माणसांनी जोर लावला, पण ती तसूभर हलली नाही. मग घराघरांची दारं उघडली. तिने मोकळ्या केलेल्या सगळ्या बायका बाहेर आल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या. गणोबाने काठी टाकली आणि तिच्या शेजारी येऊन खांदा दिला. त्या क्षणी दगडाने तिचे पाय सोडले. असं म्हणतात.

चावडीसमोर म्हातारीला धाप लागली. तिरडी खाली ठेवली. तिथून पुढे गावातल्या चौघांनी उचलली. चौथा खांदा पाटलाचा होता, असंही काही जण सांगतात. ते सगळे पाटलाच्या भावकीतले आहेत.

पुढे गावाने तिचा मान करायचं ठरवलं. चावडीवर लुगडं-चोळी आणि नारळ मांडला. वस्तीवाल्यांना खाली उन्हात उभं केलं होतं. ते पाहून गोजराक्का पायरी चढलीच नाही. वस्तीवाल्यांत जाऊन बसली.

"लुगड्याचं मी काय करू? माझ्या नावानं काही करायचंच असेल, तर तुळसाला टेकवलं त्या जागी थांबत जा."

त्या जागेला गोजराक्काचा विसावा म्हणतात. आजही करंजओहोळात कोणीही मेलं की तिरडी तिथे टेकवतात आणि खांदे बदलतात. गावातलं माणूस असेल तर वस्तीतले चौघे पुढे येतात, वस्तीतलं असेल तर गावातले चौघे. ते येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत.

मागच्या वर्षी सरपंचाचे वडील वारले. वस्तीतली माणसं दूर रस्त्याच्या कामावर गेली होती. पाहुणे घड्याळं बघू लागले. शहरातला एक जावई म्हणाला, "आता कोण मानतं हे? उचला."

सरपंच बापाच्या तिरडीशेजारी मातीत मांडी घालून बसला. चार वाजता वस्तीवाले आले. त्यांनी नळावर डांबराचे हात धुतले, सरपंचाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या बापाला उचललं.